मंत्रचळ : आपल्या घरांतील एका जुन्या व्याधीची हकीकत

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा बेलवलीच्या जुन्या दिवसांविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. उल्हास नदी, भाताची खाचरे, पावसाळ्यात स्टेशनापासून घरापर्यंत तुडवलेला चिखल, यांवर आपल्यापैकी कोणीही चार पाने सहज लिहील, आणि कित्येकींनी ती लिहिलीही आहेत. मग वाटले, जी गोष्ट आपण चौघीजणींत कधी बोलत नाही, पण जी कोठल्या ना कोठल्या घरी दाराआड असतेच असते, तिचाच इतिहास का सांगू नये? ती गोष्ट म्हणजे आंघोळ करणे, लुगडे नेसणे, दात घासणे, जेवणे, दाराला कडी घालणे असल्या रोजच्या साध्या कामांना काही माणसांना लागणारा अतोनात वेळ.

1972 साली लग्न होऊन मी बेलवलीला आले, तेव्हा आमच्या थोरल्या वन्संचे वय बत्तीस होते. त्या पहाटे पाचला मोरीत शिरत आणि साडेआठ वाजले तरी आतून तांब्याचा आवाज येतच असे. मध्येच आवाज थांबे. मग बऱ्याच वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पुढे निऱ्या घालण्याचा कार्यक्रम. एक निरी कमीजास्त झाली की सगळ्या सोडून पुन्हा पहिली. सकाळच्या पंगतीला बसलेल्या वन्सं उठत तेव्हा आमचा दुपारचा चहा उकळत असे. त्यांना पाहायला आलेली मंडळी शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून मुलगी न पाहताच उठून गेली होती, असे सासूबाई सांगत. तसे दोनदा झाले, आणि पुढे कोणी पाहायला आले नाही. घरात यावर तीन मते होती. सासूबाईंच्या मते ती मुलखाची चेंगट. मामंजींच्या मते तिला कामे टाळायची असत. आणि शेजारच्या आजी म्हणत, "असं कडक सोवळं हल्ली कोण पाळतं? देवमाणूस आहे हो तुमची मुलगी." मी नवी सून. मला तिन्ही मते आळीपाळीने पटत.

तिन्हीही चुकीची होती हे कळायला आमच्या घराला आणखी तेवीस वर्षे लागली. पण माझे म्हणणे असे, की चूक आमच्याच घराची नव्हती. या व्याधीला ओळखायला जगालाही फार वेळ लागला आहे.

मंद माणसाविषयी आपल्या परंपरेत फार जुना राग आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत दीर्घसूत्री हे एक आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची गोष्ट येते. त्यांतल्या एकाचे नावच दीर्घसूत्र. कोळ्यांनी तळ्याचे पाणी उपसायला घेतले तरी ‘पाहू, घाई काय आहे’ म्हणून तो राहिला आणि मेला. आपल्या बोलीतही चेंगट, रेंगाळ्या, सुस्त, ढिम्म असे शब्दच शब्द आहेत, आणि त्या सगळ्यांचा रोख एकच, की या माणसाला करायचेच नाही. आमच्या वन्संना मात्र करायचे असे. इतके करायचे असे, की घामाने डबडबून त्या मोरीतून बाहेर येत. साडेतीन तास उभ्याने आंघोळ करून पाहा, म्हणजे तो आळस आहे की श्रम आहेत ते कळेल. हा विचार मला तेव्हा सुचला नाही याचे आता नवल वाटते.

गंमत अशी, की योग्य शब्द आपल्या भाषेत होताच. मंत्रचळ. मंत्राच्या साधनेत काही चूक घडली तर साधकाची बुद्धी भ्रमते, अशी जुन्या लोकांची समजूत होती, आणि त्या भ्रमाला मंत्रचळ म्हणत. पुढे तो शब्द मंत्राशी संबंध नसलेल्या माणसांनाही लागला. सारखे हात धुणारा, कडी तीनतीनदा पाहणारा, त्याला ‘मंत्रचळ लागला’ म्हणू लागले. मला हा शब्द फार विचार करून घडवलेला वाटतो. एक अक्षर चुकले तर सारे फुकट गेले, पुन्हा पहिल्यापासून म्हटले पाहिजे, ही जी साधकाच्या मनातली धास्ती, तीच आंघोळीच्या तांब्यात उतरली म्हणजे आमच्या वन्सं झाल्या. आज डॉक्टर मंडळी या विकाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून ओसीडी म्हणतात. मराठीत ‘कल्पना-क्रिया अनिवार्यता’ असेही नाव दिले आहे. ते अर्थाने बरोबर, पण उच्चारायलाच वन्संच्या आंघोळीइतका वेळ लागतो.

मराठीत या व्याधीचे जे जिवंत चित्र उतरले आहे ते एका बाईने काढलेले आहे, आणि आपल्या मंडळाच्या वाचनालयात ते पुस्तक असावे अशी माझी सूचना आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले; 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. 1857 च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या घराण्याच्या जवळच्या नात्यातील एका गृहस्थांना फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला, की तो पुढे सगळ्या घराला भोवला. बाजारातून येणारा जिन्नस धुतल्याशिवाय आत यायचा नाही, मुलांनी बाहेरच्या कोणाला शिवायचे नाही, आणि या सगळ्याचा भार बायकोने आणि मुलांनी उचलायचा. लक्ष्मीबाईंनी हे सगळे हसत हसत सांगितले आहे. वाचणाऱ्यालाही हसू येते, आणि मग हसू आल्याची लाज वाटते.

या हकीकतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, की त्या बाईंनी आपल्या वडिलांना कर्मठ म्हणून मोडीत काढले नाही आणि धार्मिक म्हणून डोक्यावरही घेतले नाही. सोवळ्याच्या मुळाशी एक फाशी आहे, एक भीती आहे, हे त्यांनी नेमके ओळखले. कोठल्याही मानसशास्त्राच्या पुस्तकाची मदत न घेता ओळखले. दुसरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातली. नारायण वामन टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. एकत्र आल्यावरही आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून राहिल्या. मग हळूहळू जातिभेदाचा विचार त्यांचा त्यांनाच खोटा वाटू लागला आणि सोवळे सुटले. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाहा, मुलीचे सोवळे हा आचार होता. विचार पालटला तसा तो गळून पडला. वडिलांचे सोवळे विचाराने येत नव्हते आणि म्हणून विचाराने जाणारही नव्हते. एकाच घरातले, एकाच नावाचे हे दोन प्रकार, पण त्यांची जात निराळी. आमच्याकडे लोक वन्संना तासन्‌तास समजावीत असत, "अगं, किती वेळ लावतेस, एकदा धुतलं की झालं." वन्सं मान हलवीत. त्यांना ते आमच्याहून चांगले समजत असे.

सोवळ्याविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, ती टाळली तर लेख खोटा होईल. विटाळाची कल्पना ही मुळात माणसांना माणसांपासून तोडणारी होती. तिचा जाच ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांनी सोसला, आणि घरातल्या विधवांनी, महिन्याच्या चार दिवसांत कोपऱ्यात बसणाऱ्या बायकांनी सोसला. त्या आचाराला व्याधी म्हटले तर त्याची जबाबदारी कोणावरच राहणार नाही. मी म्हणते ते एवढेच, की ज्या समाजात धुण्याला पुण्य मानतात तेथे धुण्याच्या व्याधीला लपायला फार मोठी जागा मिळते. बंगालीत अशा माणसाच्या या खोडीला शुचिबाई म्हणतात. विधवांच्या बाबतीत हा शब्द विशेष ऐकू येई. कलकत्त्याच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अजिता चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी यांनी 1975 साली या शुचिबाईवर आणि मंत्रचळावर भारतीय मानसोपचारांच्या नियतकालिकात निबंध लिहून, आचार कोठे संपतो आणि आजार कोठे सुरू होतो याचा शोध घेतला. त्याच्या आधी 1907 साली फ्रॉइडने मंत्रचळी माणसाच्या क्रिया आणि धर्माचे विधी यांतील साम्य दाखवले होते. बारीकसारीक तपशिलाविषयी दक्षता, मध्ये कोणी बोलले तर चालत नाही, एखादे अंग गळले तर मनाला टोचणी. पण फरकही त्याने सांगितला: विधी सर्वांचा सारखा असतो, मंत्रचळ ज्याचा त्याचा वेगळा. फ्रॉइडने पुढे धर्माविषयी जे काढले ते सगळे मला मान्य नाही. मी रोज पूजा करते आणि दहा मिनिटांत उठते. तरी हा फरक मात्र आमच्या घरी अगदी खरा ठरला. शेजारच्या आजी ज्याला सोवळे म्हणत त्यात सोवळ्याचे एकही लक्षण नव्हते. वन्सं कोणालाही शिवत, कोणाच्याही हातचे खात. विटाळाचा त्यांना विचारही नव्हता.

मग होते तरी काय? याचे उत्तर मला कित्येक वर्षांनी एका फ्रेंच बाईच्या हकीकतीत सापडले. पॅरिसच्या एस्किरोल नावाच्या वेड्यांच्या डॉक्टराने 1838 साली मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात चौतीस वर्षांच्या एका बाईचे वर्णन आहे; तो तिचे नाव फक्त ‘एफ’ एवढेच देतो. व्यापाऱ्याची मुलगी, हुशार, हिशेब ठेवण्यात तरबेज. अठराव्या वर्षी मावशीच्या की आत्याच्या (फ्रेंचांना त्यात भेद नाही!) घरून निघताना तिला एकाएकी वाटले, की आपल्या खिशातून तिच्या घरची एखादी वस्तू तर आपण नेत नाही ना? तेथून सुरुवात झाली. पुढे हिशेब लिहिताना एका आकड्याच्या जागी दुसरा पडला असेल या धास्तीने जमाखर्च संपेना. मग पैशाला हात लावणे नको झाले. आणि तिचे सकाळचे आवरणे असे: उठण्यापूर्वी दहा मिनिटे पाय चोळायचे, बोटांच्या बेचक्यांत किंवा नखांखाली काही राहिले नाही ना म्हणून. मग सपाता उलटसुलट करून झटकायच्या. केसांतून कितीतरी वेळा फणी फिरवायची. कपड्यांची एकेक घडी न्याहाळायची. एरवी दीड तास आणि दुखणे जोर धरी तेव्हा तीन तासांहून अधिक वेळ या आवरण्याला लागे. ती स्वतः म्हणे, की माझी ही काळजी हास्यास्पद आहे हे मला कळते, पण मला ती आवरत नाही.

या वर्णनातली एक बाब वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्या बाईच्या पदरी एक दासी होती. बाई सपाता झटकून झाल्या की त्या दासीच्या हाती देत, आणि दासीने त्या नीट तपासून सांगायचे, की होय बाईसाहेब, यात काही मौल्यवान राहिलेले नाही. बेलवलीत ते काम माझ्याकडे होते. मोरीच्या दाराशी उभे राहून मी रोज सांगायची.

"झालं का ग नीट?"

"झालं, वन्सं."

"पाठीवरनं सगळीकडून पाणी गेलं?"

"गेलं."

"नक्की?"

"नक्की."

घरातल्या इतरांपेक्षा मी दयाळू आहे असे मला वाटे. माझ्या ‘नक्की’ने त्यांची सुटका लवकर होते अशी माझी समजूत होती, आणि पहिल्या वर्षी तशी ती होईही. पण एका ‘नक्की’ची तीन झाली, तिनाची दहा झाली. मी माहेरी गेले की वन्संना मोरीबाहेर येताच येईना. ज्याला मी आधार समजत होते तो खुराक होता. तेव्हा कोणी सांगितले नाही; आज या विषयावरचा कोणताही जाणकार घरच्यांना हेच पहिल्याने सांगतो, की खात्री देत बसू नका. दुसऱ्या टोकाचेही पाप माझ्या पदरी आहे. कल्याणला भाचीच्या लग्नाला निघताना वन्सं निऱ्याच घालीत होत्या. मुहूर्त चुकेल म्हणून मी बाहेरून दाराला कडी लावली, किल्ली शेजारी दिली आणि आम्ही सर्व निघून गेलो. परत आलो तेव्हा त्या नेसून, वेणी घालून, हातात आहेराची पिशवी धरून खुर्चीवर बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

येथे गाडीविषयी थोडे विषयांतर करते. मुंबई–ठाणे गाडी 1853 ला सुरू झाली. कल्याणापर्यंत 1854 ला आली आणि आपल्या बदलापुरावरून खोपोलीकडे 1856 ला गेली. त्यापूर्वी घटका-प्रहरांनी दिवस मोजणाऱ्या घरात एखादी बाई दोन घटका उशिरा आवरली तर तिचे तेवढे मोठे बिंग फुटत नसे. मोठे कुटुंब, दहा हात कामाला. एक हात हळू चालला तर झाकून जाई. आगगाडी आल्यावर मिनिटाला किंमत आली. बेलवलीची तर सगळी गृहस्थी लोकलच्या वेळापत्रकाला टांगलेली. म्हणून मला वाटते, हा आजार जुनाच असला तरी त्याच्या मंदपणाची शिक्षा आपल्या काळात जास्त कडक झाली. हे माझे मत. तज्ज्ञांनी त्यावर रागावू नये.

तज्ज्ञांनी मंदपणाकडे स्वतंत्रपणे पाहिले तेही उशिराच. धुणे आणि तपासणे ही लक्षणे डोळ्यांत भरणारी, त्यांच्यावर खूप लिहिले गेले. पिएर जाने या फ्रेंच पंडिताने 1903 च्या आपल्या ग्रंथात मात्र एक फार मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. तो म्हणतो, या माणसांना आपली कृती पुरी झाल्याची जाणीवच होत नाही. अपुरेपणाची भावना त्यांना छळते. हे वाचल्यावर मला वन्संचे एक वाक्य आठवले. मी त्यांना एकदा विचारले होते, की पाण्याचे, घाणीचे भय वाटते का? तर म्हणाल्या, "भय कसलं? झालं असं वाटतच नाही ग. तुला कसं वाटतं, आंघोळ झाली म्हणून?" मला उत्तर देता आले नाही. खरेच, आपली आंघोळ झाली हे आपल्याला कोण सांगते?

1974 साली लंडनच्या स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने अशा रोग्यांविषयी निबंध लिहून या प्रकाराला नाव दिले, ‘प्राथमिक मंत्रचळी मंदपणा’ असे त्याचे भाषांतर होईल. दात घासणे, दाढी, आंघोळ, कपडे घालणे यांतच ज्यांचा दिवस सरतो, प्रत्येक हालचाल ठरल्या क्रमाने आणि अचूक झाली पाहिजे असे ज्यांना वाटते, आणि ज्यांना त्याबद्दल फारशी भीती किंवा घालमेलही जाणवत नाही, असे हे लोक. पुढे यावर वाद झाला. 1993 साली डेव्हिड व्हील या इंग्रज डॉक्टराने असा आक्षेप घेतला, की मंदपणा हा वेगळा आजार नव्हेच. आत मनातल्या मनात मोजणे, उजळणी करणे, क्रम लावणे चालू असते, ते बाहेरून दिसत नाही एवढेच, आणि मंदपणा हा त्याचा परिणाम. काहींनी मेंदूच्या हालचाल चालवणाऱ्या भागांत दोष आहे का हेही तपासले. या वादाचा निकाल देण्याचा अधिकार मला नाही. आमच्या घरापुरते सांगायचे तर व्हील यांची बाजू खरी निघाली. वन्सं प्रत्येक तांब्याबरोबर मनात एक आकडा म्हणत. मध्ये भांडे पडले, कोणी हाक मारली, की आकडा चुके, आणि पुन्हा एकपासून. तेवीस वर्षे मी दाराबाहेर उभी राहिले आणि हे मला माहीत नव्हते. आणि हाका मारणारी बहुतेक वेळा मीच असे!

हे कळले ते 1995 साली. त्यापूर्वी एका डॉक्टरांनी शक्तीचे औषध दिले होते आणि एका देवऋषीने अंगारा. आमची थोरली मुलगी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, आत्याला ठाण्याला दाखवू. ‘ठाण्याला’ म्हटल्याबरोबर घरात रडारड झाली. याचे कारण वाचकांना सांगायला नको. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे, आणि तेव्हापासून या बाजूच्या लोकांच्या तोंडी ‘याला ठाण्याला पाठवा’ ही एक शिवीच होऊन बसली आहे. वस्तुतः ठाण्यात त्या सुमारास नवी वाटही पडली होती, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढून हा विषय व्याख्याने, नाटके, पुस्तके यांतून चारचौघांत बोलायला लावला, त्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. आम्ही गेलो ते मात्र एका खाजगी डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी पहिल्याने रक्त तपासून घेतले, हातापायांची चाल पाहिली, झोप आणि मन उदास असते का ते विचारले. कारण थायरॉइडच्या दोषाने, उदासीनतेच्या आजाराने, कंपवातानेही माणूस मंदावतो, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. मग त्यांनी वन्संना विचारले, "आंघोळ करताना मनात काय चालतं?" एवढा साधा प्रश्न! बत्तीस अधिक तेवीस, पंचावन्न वर्षांच्या बाईला तो पहिल्यांदा विचारला गेला.

उपचाराचा इतिहास फार जुना नाही. 1966 साली व्हिक्टर मायर यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात दोन रोग्यांवर असा प्रयोग केला, की ज्या गोष्टीने घालमेल होते तिच्यासमोर जायचे आणि नेहमीची शांतवणारी क्रिया मात्र करायची नाही. घालमेल वाढते, टिकते, आणि मग आपोआप ओसरते. 1967 च्या सुमारास स्पेनमधल्या डॉक्टरांना क्लोमिप्रामीन या उदासीनतेवरच्या औषधाचा मंत्रचळावर गुण आढळला. पुढे फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे आली. मंदपणाला मात्र या दोहोंचा गुण सावकाशच येतो. त्यासाठी रॅकमन यांनी निराळी रीत सांगितली होती: शिकवणाऱ्याने ते काम नेहमीच्या वेगाने स्वतः करून दाखवायचे, मग रोग्याने त्याच्याबरोबर करायचे, मध्ये अडले तर सूचना द्यायची, आणि ठरवलेला वेळ थोडाथोडा कमी करत जायचा. ऐकायला हे बालवाडीसारखे वाटते. मलाही वाटले होते.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिले आणि सुरुवात दात घासण्यापासून केली, आंघोळीला हातच लावला नाही. वन्संना दात घासायला पन्नास मिनिटे लागत. मुलगी आणि वन्सं दोघी ओसरीवर शेजारी उभ्या राहून दात घाशीत, मध्ये पाटावर गजराचे घड्याळ. पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटे. वन्सं चूळ भरताना रडत, म्हणत, "हे झालेलं नाही." मुलगी म्हणे, "नसू दे न झालेलं, आत्या." मला सक्त ताकीद होती, की ‘झालं, नक्की’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. वन्सं विचारीत आणि मी पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात जाई. ते दिवस मला त्यांच्याइतकेच जड गेले असतील. दोन महिन्यांनी दात बारा मिनिटांवर आले, मग निऱ्या, मग आंघोळ. आंघोळीत आकडे म्हणता येऊ नयेत म्हणून मुलीने त्यांना मोठ्याने गप्पा मारत पाणी घ्यायला सांगितले. दाराच्या आत एक, बाहेर एक, अशा त्या दोघी बोलत. साऱ्या आळीला आमच्या घरची वार्ता त्या वर्षी फुकट कळली.

पूर्ण बरे झाले असे मी लिहिणार नाही, कारण ते झाले नाही. साडेतीन तासांची आंघोळ चाळीस मिनिटांवर आली आणि तेथे राहिली. दुखणे आले, कोणी गेले, की ती पुन्हा दीड तासावर जाई आणि पुन्हा घड्याळ काढावे लागे. 2012 साली त्या वारल्या. शेवटच्या सतरा वर्षांत त्यांनी एकटीने कल्याणला जाऊन येण्यापर्यंत मजल मारली, दोनदा आळंदी केली, आणि एकदा लोकल चुकली तेव्हा "दुसरी येईल" असे म्हणाल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांच्यासाठी एक माहिती: 2022 च्या ऑक्टोबरपासून सरकारने ‘टेलि-मानस’ नावाची फोनसेवा सुरू केली आहे. 14416 हा तिचा क्रमांक, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. ठाण्याचे नाव काढले म्हणून आमच्या घरी झाली तशी रडारड आता कोणाकडे व्हायला नको.

1996 ची कोजागिरी मला आठवते. गच्चीवर बायका जमणार होत्या. वन्सं तोवर एकाही कोजागिरीला वेळेवर आल्या नव्हत्या. त्या येत तेव्हा सतरंज्या गुंडाळलेल्या आणि पातेली घासायला पडलेली असत, आणि मी झाकून ठेवलेला त्यांचा पेला गार झालेला असे. त्या रात्री भेंड्या चालू होत्या. जिन्यावर पावले वाजली म्हणून पाहिले तर वन्सं. एका बाजूच्या निऱ्या वर चढल्या होत्या, वेणी थोडी सैल होती, आणि ते त्यांना ठाऊक होते, कारण त्यांचा हात सारखा निऱ्यांकडे जाई आणि मागे येई. माझ्याजवळ येऊन बसल्या. मी काही बोलले नाही. दूध अजून उकळत होते.